पानं भरपूर, फूल मात्र नाही

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत. घरात ठेवलेलं झाड जोमात आहे, पण फुलत नाही. बदलापूरच्या माझ्या नर्सरीत रविवारी येणारी मंडळीही हेच सांगतात आणि लगेच विचारतात, "ताई, कुठलं खत घालू?" खताचं मी शेवटी सांगते. आधी खिडकी विचारते. ती कोणत्या दिशेला आहे, झाड तिच्यापासून किती फुटांवर आहे आणि रात्री त्या खोलीत दिवा किती वाजेपर्यंत चालू असतो? पत्रात एवढं कळवलंत तर माझं अर्धं काम होतं. डोंबिवलीच्या ताईंनी ते नीट कळवलंय, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी पीस लिली आणली तेव्हा तिला पाच पांढरी फुलं होती. त्यानंतर एकही नाही. पानं गर्द हिरवी, मोठी, चकचकीत आहेत. झाड हॉलमध्ये टीव्हीशेजारी असतं. खिडकी पूर्वेची, पण दहा फुटांवर. दर आठवड्याला गांडूळखताचं पाणी घालते. काय कमी पडतंय?
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी त्या पाच फुलांबद्दल सांगते, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. पीस लिलीचे व्यापारी उत्पादक झाडांवर जिब्रेलिक ॲसिड फवारतात. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार मण्यांच्या फुगवणीसाठी जे 'जीए' वापरतात, तेच हे. एका फवारणीनंतर साधारण तीन महिन्यांत कोवळ्या झाडालाही फुलं येतात आणि ते विक्रीला तयार होतं. तुम्ही आणलेल्या झाडाची फुलं बहुधा अशीच आलेली असणार. त्या औषधाचा असर ओसरला की झाड आपल्या वयाच्या आणि आपल्याला मिळणाऱ्या उजेडाच्या चालीने चालू लागतं. म्हणून पहिलं वर्ष रिकामं गेलं याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. दुसरं वर्षही तसंच गेलं, त्याचं कारण मात्र तुमच्याच पत्रात आहे. ते दहा फूट.

खोलीतला उजेड आपल्या डोळ्यांना मोजता येत नाही. अंधारलं की बाहुली मोठी होते, उजाडलं की लहान होते, आणि आपल्याला खिडकीशी काय नि टीव्हीशेजारी काय, सगळीकडे सारखंच उजळ वाटतं. पेपर दोन्हीकडे वाचता येतो. झाडाच्या पानावर पडणारा उजेड मात्र खिडकीपासून दर काही फुटांवर झपाट्याने कमी होत जातो. एक चाचणी करून पाहा. सकाळी अकराच्या सुमारास घरातले दिवे बंद करा, झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. सावलीची कड ठळक आली तर तिथे ऊन आवडणारी झाडंही फुलतील. सावली पुसट, पण बोटं वेगवेगळी ओळखू येतात, तर पीस लिली, अँथुरियम, आफ्रिकन व्हायोलेट यांना तेवढं पुरतं. सावलीच पडत नसेल, तर तिथे झाड जगेल, फुलणार नाही. तुमच्या झाडाची ती गर्द, रुंद पानंही हेच सांगताहेत. उजेड कमी पडला की झाड पानांचा पसारा वाढवतं, म्हणजे मिळेल तेवढा उजेड वेचता येतो.

कुंडी एकदम खिडकीत नेऊ नका. आधी सहा फुटांवर, आठवड्याने तीन फुटांवर आणा, आणि तिथेच राहू द्या. सकाळचं कोवळं ऊन तासभर पानांवर आलं तरी चालतं, दुपारचं नको. गांडूळखताचं पाणी आठवड्याला नको, महिन्यातून एकदा पुरे. आणि मोठ्या कुंडीत हलवायचा विचार असेल तर तो या वर्षी सोडून द्या. पीस लिलीची मुळं कुंडीत जराशी दाटलेली असली की ती फुलायला राजी असते. प्रशस्त कुंडी दिली की आधी सगळी जागा मुळांनी भरते, तोवर फूल नाही. जागा बदलल्यापासून तीन-चार महिने तरी धीर धरा.

फूल आलं की पुढचं पत्र काय येईल तेही ठाऊक आहे: "पांढरं फूल हिरवं पडायला लागलं." ते तसंच होतं. आपण ज्याला पाकळी म्हणतो ते खरं तर एक बदललेलं पान असतं, आतल्या दांडीवर फुलं असतात बारीक बारीक. ते हिरवं पडलं की दांडा बुडापासून कापून टाका. कापताना हाताला चीक लागला तर खाज सुटेल, कारण पीस लिली अळूच्याच कुळातली. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

प्रश्न: मागच्या जानेवारीत मी आणि शेजाऱ्यांनी एकाच नर्सरीतून कलांचोची लाल फुलांची रोपं आणली. यंदा त्यांचं गॅलरीतलं रोप फुलांनी भरलंय, माझं हॉलच्या खिडकीत छान ऊन मिळूनही नुसतं पानांचं. मी त्यांच्यापेक्षा जास्त काळजी घेतो!
— निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर: काका, तुमच्या काळजीत काहीच कमी नाही. शेजाऱ्यांच्या झाडाला एक गोष्ट मिळाली जी तुमच्या झाडाला मिळाली नाही, ती म्हणजे अंधार.

कलांचो, पॉइनसेटिया, ख्रिसमस कॅक्टस आणि आपली शेवंती ही झाडं रात्र किती लांब आहे ते पाहून कळ्या धरतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी 1920 मध्ये हे पहिल्यांदा स्वच्छ मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता, जो उन्हाळ्यात माणसाच्या उंचीवर जायचा तरी फुलायचा नाही. खत, पाणी, ऊब सगळं बदलून पाहिलं. शेवटी त्यांनी कुंड्या रोज ठरावीक वेळी अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली, म्हणजे उन्हाळ्यातच हिवाळ्याइतका छोटा दिवस झाडांना दाखवला, आणि तंबाखू फुलला. पुढच्या संशोधनातून कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी ते ती रात्र धरतच नाही. पॉलिहाउसमध्ये शेवंती घेणारे शेतकरी याच युक्तीवर बाजार साधतात. फूल उशिरा हवं असेल तर रात्री पिकावर बल्ब लावतात, लवकर हवं असेल तर संध्याकाळीच काळं कापड ओढतात.

आता तुमचा हॉल बघू. नाशिकला डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम 11 तासांचा आणि रात्र 13 तासांची. गॅलरीतल्या झाडाला ती पूर्ण मिळाली. तुमच्याकडे बातम्या, मालिका, जेवणं धरून ट्यूब रात्री साडेअकराला बंद होत असेल, आणि सकाळी साडेसहाला उजाडतं. म्हणजे झाडाच्या हिशेबी सात तासांची रात्र. त्याच्या दृष्टीने तुमच्या घरी बारा महिने भर उन्हाळाच चाललेला आहे.

उपाय सोपा आहे, पण नेमाने करायला हवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून सहा आठवडे, रोज संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत झाड पूर्ण अंधारात. न वापरल्या जाणाऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर वर खोकं पालथं घाला, फटी राहू देऊ नका. सकाळी आठला खोकं काढून झाड उन्हात, आणि हे ऊनही चुकवायचं नाही. अंधार मिळाला आणि दिवसा उजेडच नसला तर कळ्या धरायला झाडात ताकद कुठून येणार? पाणी बेताचं. कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या दिसायला लागल्या की खोक्याचं काम संपलं, मग झाड मिरवायला हॉलमध्ये आणा. गॅलरीत ठेवणार असाल तर रस्त्यावरचा दिवा थेट तिथे येतो का ते रात्री उभं राहून बघा. आणि याच सहा आठवड्यांत दिवाळी येते. आकाशकंदील कलांचोच्या डोक्यावरच टांगू नका, दुसऱ्या कोपऱ्यात टांगा.

वसईच्या एका ताईंनी पॉइनसेटियाची पानं लाल होत नाहीत म्हणून लिहिलंय. ताई, वरचं सगळं तुमच्यासाठीही आहे. फक्त पॉइनसेटिया याबाबत कलांचोपेक्षाही काटेकोर आहे, एखादी रात्रसुद्धा चुकवू नका.

प्रश्न: ऑफिसातून निरोप घेताना जांभळं ऑर्किड भेट मिळालं. दोन महिने फुलं टिकली, मग मेमध्ये एकेक गळली. आता चार पानं आणि एक वाळका दांडा उरलाय. सून म्हणते टाकून द्या. टाकू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: मुळीच टाकू नका. भेट म्हणून मिळतं ते बहुतेक फॅलेनॉप्सिस असतं, आणि नीट ठेवलं तर ते कित्येक वर्षं फुलतं. दांडा पूर्ण वाळला असेल तर बुडाशी कापा. पुढच्या वेळी फुलं गळून दांडा हिरवाच राहिला, तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या वर कापा. तिथूनच फांदी फुटून पुन्हा थोडी फुलं येऊ शकतात. झाड अशक्त असेल तर मात्र तो मोह टाळावा आणि दांडा पूर्ण काढून त्याला विश्रांती द्यावी.

आता झाड कुंडीतून हलकेच काढून मुळं बघा. हिरवी किंवा रुपेरी, घट्ट मुळं म्हणजे ठीक. तपकिरी आणि दाबली की पोकळ लागणारी मुळं कापून टाका. बऱ्याच ऑर्किडना बुडाशी शेवाळाचा गच्च गोळा भरलेला असतो, तो मुंबईच्या पावसाळ्यात वाळतच नाही आणि मुळं कुजतात. त्याऐवजी कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी काप यांत लावा. साधी माती अजिबात नको. रानात हे झाड फांद्यांना धरून वाढतं, त्याच्या मुळांना हवा लागते. मुळं रुपेरी दिसली की पाणी द्या, हिरवी असताना नको. पानांच्या मध्यावर पाणी साचू देऊ नका.

फुलांचं गणित थंडीवर आहे. फॅलेनॉप्सिसला उजेड भरपूर पण गाळून आलेला हवा, आणि दांडा फुटायला काही आठवडे 25 अंशांच्या आसपास किंवा त्याखालचा गारवा हवा. सतत 28 च्या वर राहिलं तर ते पानंच काढत राहतं. पुण्या-नाशकात नोव्हेंबर ते जानेवारी हा गारवा आपोआप मिळतो. मुलुंडला दुपारी कठीण जातं, म्हणून त्या दिवसांत झाड घरातल्या सगळ्यात गार खोलीच्या खिडकीत ठेवा. ज्या बेडरूममध्ये एसी चालतो तिची खिडकी चालेल, फक्त एसीचा झोत थेट अंगावर नको. पानांच्या बेचक्यातून नवं काही बाहेर आलं की लोक घाईने आनंद साजरा करतात. जरा थांबा. टोक गोल आणि गुळगुळीत असेल तर ते मूळ, टोक चपटं आणि एका बाजूला किंचित खाच असलेलं असेल तर दांडा. दांडा दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत तीनेक महिने जातात, आणि त्या काळात कुंडी फिरवायची नाही, नाहीतर कळ्या उजेडाच्या दिशेने वळत राहून दांडा वेडावाकडा होतो.

आणखी एक, कारण तुमची फुलं मेमध्ये गळली असं तुम्ही लिहिलंय. घरात आंब्याची पेटी उघडली होती का, किंवा अढी घातली होती का? पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो. त्यानेच आंबे पिकतात आणि त्यानेच ऑर्किडची फुलं अकाली माना टाकतात. केळ्यांचा घडही त्यातलाच. फुलावर आलेलं ऑर्किड जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी ठेवणं म्हणूनच बरं नाही.

प्रश्न: आम्ही द्राक्षाला 00:52:34 (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत) सोडतो. घरातल्या कुंड्यांना फुलं यावीत म्हणून तेच घातलं तर चालेल का? आणि केळीच्या सालीचं पाणी खरंच उपयोगी आहे का?
— शेतकरी महिला, तासगाव

उत्तर: चालेल, ताई, पण बागेच्या मापाने नाही. एक लिटर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, कळ्या धरायच्या हंगामात तीन आठवड्यांतून एकदा, आणि माती आधी ओली असताना. कुंडीतल्या मूठभर मातीला बागेतल्यासारखा विसावा नसतो, जास्त झालेले क्षार जायला जागा नसते. पानांच्या कडा करपायला लागल्या किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर चढला, तर खत थांबवा आणि स्वच्छ पाणी भरपूर घालून तळाच्या भोकातून वाहू द्या. बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांनी हे अधूनमधून करावंच.

तुम्ही शेतकरी आहात, तेव्हा नत्र जास्त झालं की पीक माजतं आणि फळ धरत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं. घरातही तेच होतं. शेणखत, गांडूळखत, वर युरियाची चिमूट असं सगळं घातलं की झाड पानांतच रमतं. आणि जिथे उजेड नाही तिथे स्फुरद-पालाश कितीही ओता, फूल येणार नाही.

केळीच्या सालीच्या पाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घरात नको. सालीत पालाश आहे हे खरं, पण भिजवलेल्या पाण्यात किती उतरला याचा काही अंदाज नसतो, आणि ते पाणी कुंडीत आंबलं की मातीवर बारीक काळ्या माश्या घिरट्या घालू लागतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. साली खताच्या खड्ड्यात टाका, तिथे त्यांचं सोनं होतं. चहाच्या गाळाचंही तसंच. साखर-दुधाचा गाळ कुंडीत गेला की मुंग्या आल्याच, आणि मुंग्यांमागोमाग मावा आणि पिठ्या ढेकूण.

प्रश्न: आमच्या फ्लॅटला उत्तरेची एकच मोठी खिडकी आहे. फुलझाड ठेवायची फार इच्छा आहे. जास्वंद बेडरूममध्ये ठेवली तर फुलेल का?
— नवविवाहिता, कोथरूड, पुणे

उत्तर: जास्वंद नाही फुलणार. तिला चार-पाच तासांचं थेट ऊन हवं, ते बेडरूममध्ये नाही. तीच गोष्ट मोगरा, गुलाब, अनंत, शेवंती यांची. ही झाडं घरात आणून ती रोडावलेली बघण्यापेक्षा सुरुवातच वेगळी करा.

उत्तरेच्या खिडकीचं एक वैशिष्ट्य सांगते. पुण्या-मुंबईत शून्य सावली दिवस वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात उगवतो-मावळतोही उत्तरेकडे सरकून. त्यामुळे मे आणि जूनच्या सुरुवातीला तुमच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येईल. पाऊस लागला की ते ढगांमागे जाईल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला गेला की या खिडकीत नुसता पसरट उजेड. तेव्हा खिडकीच्या अगदी कट्ट्यावर पीस लिली आणि अँथुरियम ठेवा, ही दोन्ही तिथे फुलू शकतात. बाकी फुलांसाठी सरळ एक एलईडी ग्रो लाइट घ्या. पांढऱ्या उजेडाचा घ्या, जांभळ्या दिव्याची गरज नाही आणि घरात तो डोळ्यांना त्रास देतो. झाडापासून फूटभर उंचीवर, रोज बारा तास, टायमर लावून. मात्र वर नाशिकच्या काकांना सांगितलेली झाडं त्या दिव्याखाली ठेवायची झाली, तर हिवाळ्यात टायमर दहा तासांवर आणा आणि संध्याकाळी त्या खोलीत दुसरा दिवा लावू नका.

प्रश्न: एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आफ्रिकन व्हायोलेट घेतलं. पानांवर पिवळट डाग पडले, फुलं बंद झाली. मी पानं रोज पाण्याने पुसते.
— निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर: बाई, पुसणं आजपासून बंद. या लवदार पानांवर गार पाणी पडलं की पेशी दुखावतात आणि असे डाग उठतात. धूळ मऊ ब्रशने झटका. पाणी खोलीच्या तापमानाचं, आणि तेही खालून: बशीत पाणी ओतून अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाका. समईच्या वातीसारखी सुती वात कुंडीच्या भोकातून खाली पाण्यात सोडली तर झाड लागेल तेवढं ओढून घेतं, त्याला व्हायोलेट फार छान मानवतं.

हे झाड मूळचं टांझानियातल्या उसांबारा डोंगरांतलं. सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने 1892 मध्ये ते तिथून जर्मनीला पाठवलं. उसांबारात ते सावलीतल्या, शेवाळलेल्या खडकांच्या फटींत वाढतं. मूठभर माती, गारवा, दमट हवा. त्यावरून घरात काय हवं ते उलगडतं. कुंडी लहान हवी. झाडाचा घेर फूटभर असेल तर चार इंचाची पुरे. पूर्वेच्या खिडकीचा उजेड. मुख्य झाडाच्या बाजूने फुटणारी पिल्लं काढून वेगळी लावा, नाहीतर फुलं आटतात. सुकलेली फुलं लगेच खुडा. आणि सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये त्याच्याकडून फुलांची अपेक्षा ठेवू नका. त्या दिवसांत ते घरातल्या गार कोपऱ्यात तगून राहिलं तरी पुष्कळ, खतही देऊ नका. पाऊस सुरू झाला की नवी पानं येतील, श्रावण-भाद्रपदात कळ्या शोधा.

प्रश्न: ब्रह्मकमळ सहा वर्षांचं आहे, जिन्याखाली ठेवलंय. फांद्या लांब वाढतात म्हणून दर वर्षी कापतो. अजून फूल नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: फुलं तुम्ही दर वर्षी कापून टाकताय, दादा. कळी येते ती जुन्या, पक्व, चपट्या फांदीच्या कडेच्या खाचेतून. कोवळ्या फुटव्याला ती येत नाही. दोन पावसाळे कात्री लावू नका. लांब फांद्या लोंबू द्या, हव्या तर काठीला बांधा.

जिन्याखालून मात्र बाहेर काढा. मेक्सिकोच्या बाजूचं हे निवडुंगाच्या कुळातलं झाड असलं तरी ते वाळवंटातलं नव्हे, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं आहे. त्याला पानांतून गाळून येणारं ऊन लागतं. सकाळचं ऊन येणारा व्हरांडा किंवा गॅलरी उत्तम. कुंडी बदलू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी अगदी कमी करा, मार्चपासून वाढवा. पावसाळ्यात कळी दिसली की कुंडी जागची हलवायची नाही. कळीचा देठ वर वळला आणि कळी फुगली की त्याच रात्री शेजाऱ्यांना बोलवा, कारण नऊ-दहाला उमललेलं फूल पहाटेपर्यंत मिटतं.

प्रश्न: अलिबागला माझ्याकडे होयाचा वेल आहे. गेल्या वर्षी फुलांचा झुबका आला, मग मी तो दांडा कापला. यंदा काहीच नाही.
— एक वाचक

उत्तर: तोच दांडा पुढच्या वर्षीही फुलला असता. होयाची फुलं वर्षानुवर्षं त्याच आखूड देठावर येतात. फक्त सुकलेली फुलं झटका, देठ राहू द्या. वेल टिकून असेल तर नवे देठ येतील.

प्रश्न: इथे न्यू जर्सीत मोगरा मिळाला. उन्हाळ्यात अंगणात भरभरून फुलला. ऑक्टोबरमध्ये आत आणला, तेव्हापासून पानं पिवळी पडून गळताहेत. आईला व्हिडिओ कॉलवर मोगरा दाखवायचाय. हिवाळ्यात घरात फुलवता येईल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर: येईल, पण आधी झाड जगवू या. तुमच्याकडे डिसेंबरमध्ये दिवस सव्वानऊ तासांचा, ऊन तिरपं आणि खिडकीला दुहेरी काच. मोगऱ्याला ती कडक उन्हाळ्यातून एकदम अंधारात गेल्यासारखीच गत. पानं गळणं त्यामुळेच. दक्षिणेच्या खिडकीत ठेवा आणि वर एलईडी ग्रो लाइट लावा, फूटभर उंचीवर, रोज 14 तास. मोगरा कलांचोसारखा रात्र मोजत बसत नाही. त्याला उजेड आणि ऊब मिळाली आणि नवे फुटवे आले की त्यांच्या टोकाला कळ्या येतात.

हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते आणि लाल कोळी लागतो. पानांच्या मागच्या बाजूला बारीक जाळं किंवा पिवळे ठिपके दिसतात का बघा. दर आठवड्याला झाड बाथरूममध्ये नेऊन पानांची मागची बाजू कोमट पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, बहुतेक वेळा एवढ्याने आटोक्यात येतो. पाणी मात्र उन्हाळ्याच्या निम्मं; वरची इंचभर माती वाळल्याशिवाय नको.

तुमचा मोगरा एकेरी पाकळ्यांचा असेल तर तो घरातही सहज फुलेल, बटमोगरा असेल तर जास्त वाट बघायला लावतो. कळ्या हव्या असतील तर फेब्रुवारीच्या मध्याला छाटा. प्रत्येक फांदीचा वरचा तिसरा भाग काढा, उरलेली जुनी पानंही खुडा, आणि नवे फुटवे बोटभर झाले की 19:19:19 सारखं विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. सगळं जुळलं तर एप्रिलमध्ये आईंना कळ्या दाखवता येतील. नंतर रात्रीचं तापमान 12-13 अंशांच्या वर स्थिरावलं की झाड बाहेर न्या. पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, मग रोज तासभर ऊन वाढवत जा. खोलीतली मऊ पानं एकदम उन्हात गेली की भाजतात.